विश्लेषण : टर्बो इंजिनची हवा नेमकी कुठे गळते? घरच्या घरी तपासणी कशी करता येते?

पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर खोपोलीहून खंडाळ्याकडे चढताना गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. ॲक्सिलरेटर दाबला की बोनेटखालून ‘शूंऽऽ’ असा आवाज येतो. मायलेज घसरते आणि एखाद्या दिवशी डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो. अशा वेळी टर्बो गाडीच्या मालकाला पहिली शंका येते ती ‘टर्बो गेला’ ही. मात्र अनेकदा टर्बो ठणठणीत असतो. त्याने दाबून पाठवलेली हवा इंजिनात पोहोचण्याआधीच एखाद्या सैल क्लॅम्पमधून किंवा चिरलेल्या पाइपमधून निसटत असते. या गळतीला ‘बूस्ट लीक’ म्हणतात. टर्बो बदलायचा तर खर्च पाच आकडी, महागड्या गाड्यांत सहा आकडीही होतो. क्लॅम्प मात्र काही रुपयांत मिळतो. या दोन खर्चांच्या मधे उभी आहे ती एक साधी तपासणी. ती कशी करतात, तिच्यात धोके कोणते आणि तिचा निष्कर्ष कसा वाचायचा, याविषयी…

टर्बो काय करतो?

इंधन जाळायला हवा लागते. साध्या इंजिनात पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढली जाते, तेवढ्यावरच भागवावे लागते. टर्बोचार्जरमध्ये एकाच दांड्यावर दोन चक्रे असतात. एक चक्र एक्झॉस्टमधून बाहेर पडणाऱ्या गरम वायूने फिरते आणि दुसरे चक्र बाहेरची हवा ओढून ती दाबाने इंजिनाकडे ढकलते. एरवी वाया जाणाऱ्या वायूतील ऊर्जा अशी कामी लावण्याच्या कल्पनेचे पेटंट स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये घेतले. टर्बो लावलेल्या पहिल्या प्रवासी मोटारी अमेरिकेत १९६२ मध्ये आल्या.

छोट्या मोटारींतील टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरेही घेतो. दाबलेली हवा तापते, म्हणून ती ‘इंटरकूलर’मधून नेऊन थंड केली जाते. एअर फिल्टर, हवा मोजणारा सेन्सर, टर्बोचा कॉम्प्रेसर, इंटरकूलर, थ्रॉटल, इनटेक मॅनिफोल्ड आणि शेवटी सिलिंडर असा हवेचा प्रवास अनेक गाड्यांत असतो. वाटेत रबरी होज, प्लास्टिकचे पाइप, क्लॅम्प, ओ-रिंग आणि गॅस्केट असे अनेक सांधे येतात. टर्बोच्या पुढच्या यापैकी कोणत्याही सांध्यातून दाबलेली हवा बाहेर पडली, की ती बूस्ट लीक.

पिंपरी-चाकण पट्ट्याशी याचा संबंध काय?

टर्बो ही एकेकाळी ट्रक आणि मोजक्या महागड्या मोटारींची चैन होती. टाटांनी डिसेंबर १९९८ मध्ये बाजारात आणलेल्या आणि पुण्याच्या कारखान्यात तयार झालेल्या पहिल्या इंडिकाचे डिझेल इंजिन टर्बोविनाच होते. आज चित्र पालटले आहे. पिंपरीत तयार होणाऱ्या हॅरियरचे दोन लिटरचे डिझेल इंजिन टर्बोचे आहे. चाकणमध्ये २००९ पासून सुरू असलेल्या फोक्सवॅगनच्या प्रकल्पातून निघणाऱ्या टायगुन आणि कुशाकमध्ये एक लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन मिळते. महिंद्राच्या चाकण प्रकल्पातील एक्सयूव्ही ७०० आणि स्कॉर्पिओ-एन याही टर्बो इंजिनावरच धावतात. छोट्या इंजिनातून मोठी ताकद आणि कमी इंधन या दुहेरी गरजेमुळे टर्बो आता मध्यमवर्गाच्या पार्किंगमध्ये पोहोचला आहे.

या गाड्या आता वयात येत आहेत. हमीचा काळ संपलेल्या गाडीतील रबर उन्हाळ्यात बोनेटखालच्या उष्णतेने कडक होते, प्लास्टिक ठिसूळ होते, क्लॅम्प सैलावतात. खड्ड्यांतून जाताना इंजिन हलते आणि त्याला जोडलेले पाइपही ताणले जातात. एअर फिल्टर बदलताना किंवा इतर दुरुस्तीत काढलेला पाइप नीट न बसवल्यानेही गळती सुरू होते. त्यामुळे ‘परवाच सर्व्हिसिंग झाले आणि तेव्हापासून गाडी ओढत नाही’ ही तक्रार असेल तर आधी सांधे पाहावेत.

लक्षणे कोणती?

गळती छोटी असेल तर सुरुवातीला काहीच जाणवत नाही. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, हवेचा दाब कमी पडतो आहे हे ओळखतो आणि टर्बोला अधिक काम करायला लावतो. हवा पुरेशी मिळते, पण टर्बो गरजेपेक्षा वेगाने फिरतो आणि हवा जास्त तापते. म्हणजे साध्या पाइपचा दोष दुर्लक्षित राहिला तर चांगल्या टर्बोचे आयुष्य खरोखरच घटू शकते. गळती वाढली की ईसीयूलाही भरपाई करता येत नाही. मग ताकद कमी होते, ‘पी०२९९’ म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी बूस्ट असा कोड नोंदवला जातो आणि काही गाड्या स्वसंरक्षणासाठी मर्यादित ताकदीवर धावू लागतात.

पेट्रोल इंजिनात, हवा आधी मोजून मग टर्बोकडे जात असेल, तर मोजलेली काही हवा वाटेत गळते. इंधन मात्र पूर्ण हवेच्या हिशेबाने सोडले जाते. मिश्रण इंधनाने जड होते, गाडी अडखळते, पेट्रोल जास्त जळते. गळती थ्रॉटलच्या पुढे असेल तर गाडी जागेवर उभी असतानाही इंजिन थरथरते. कारण त्या वेळी मॅनिफोल्डमध्ये दाब नसतो, तर शोषण असते आणि बाहेरची न मोजलेली हवा आत ओढली जाते.

डिझेलमध्ये जुने लक्षण होते काळा धूर. मात्र १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांनंतर डिझेल मोटारींना काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ आला. आता हवा कमी पडली तरी धूर नळीतून दिसत नाही. काजळी फिल्टरमध्ये साचते आणि तो लवकर भरतो. डीपीएफचा दिवा वारंवार लागत असेल तर शहरातील रखडत चालणाऱ्या वाहतुकीला दोष देण्याआधी बूस्ट लीकचीही शंका घ्यावी.

आणखी एक गळती वेगळी ओळखायला हवी. एअर फिल्टर आणि टर्बो यांच्यामधला पाइप चिरला तर हवा बाहेर जात नाही, उलट आत ओढली जाते, तीही न गाळलेली. चाकण-तळेगाव किंवा चाकण-शिक्रापूर रस्त्यावर अवजड वाहनांमागे उडणारी धूळ अशा फटीतून थेट टर्बोच्या पात्यांवर आणि पुढे सिलिंडरमध्ये जाते. या गळतीने ताकद फारशी घटत नाही, पण झीज होते.

मोबाइलवरून आधी काय पाहता येते?

बोनेट उघडण्याआधी ओबीडी स्कॅनरची मदत होते. गाडीच्या निदान सॉकेटला जोडायचे हे छोटे यंत्र मोबाइलवर सेन्सरचे आकडे दाखवते. इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन सुरू केले की मॅनिफोल्डचा दाब वातावरणाच्या दाबाएवढा दिसतो. मुंबईत तो १०१ किलोपास्कलच्या आसपास असतो. पिंपरी-चिंचवड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असल्याने येथे तो सुमारे ९५ दिसतो. हा दोष नाही, ही उंचीची खूण आहे.

पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर तोच आकडा १९५ झाला, तर बूस्ट १०० किलोपास्कल, म्हणजे एक बार किंवा साधारण १४.५ पीएसआय. काही ॲपमध्ये ईसीयूने मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब शेजारी-शेजारी दिसतो. मागणी मोठी आणि पुरवठा सतत कमी असेल तर गळतीची शंका बळावते. हे आकडे चालकाने गाडी चालवताना पाहू नयेत. शेजारी बसलेल्याने नोंदवावेत किंवा ॲपमध्ये साठवून नंतर पाहावेत.

तपासणीचे तत्त्व कोणते?

पंक्चर काढणारा ट्यूबमध्ये हवा भरतो, ती पाण्यात बुडवतो आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहतो. गॅस सिलिंडरच्या रेग्युलेटरपाशी साबणाचे पाणी लावून फेस फुगतो का, हे पाहण्याची पद्धतही अनेकांना ठाऊक आहे. बूस्ट लीकची तपासणी म्हणजे हेच. बंद इंजिनाच्या हवामार्गात बाहेरून हवा भरायची आणि ती कुठून सुटते ते शोधायचे.

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतही हीच कसोटी लावली जाते. इंटरकूलर, पाइप किंवा ओतीव भाग बंद करून त्यात ठरावीक दाबाची हवा भरतात आणि ठरावीक वेळेत दाब किती उतरतो हे यंत्र मोजते. फरक इतकाच की कारखान्यात निकाल यंत्र देते, पार्किंगमध्ये तो कानाने आणि डोळ्यांनी लावावा लागतो.

साहित्य काय लागते?

टर्बोच्या तोंडाला घट्ट बसेल असे झाकण हा मुख्य भाग. तयार टेस्टर बाजारात मिळतात. हार्डवेअरच्या दुकानातील योग्य मापाचे पीव्हीसी एंड कॅप घेऊन त्याला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला तरी काम भागते. ते जोडायला रबरी किंवा सिलिकॉनचा जोडनळा आणि दोन चांगले क्लॅम्प लागतात. याशिवाय दाब दाखवणारे गेज, हवेचा पंप, स्प्रेच्या बाटलीत भांडी घासण्याच्या लिक्विडचे पाणी, बॅटरी आणि डोळ्यांवर गॉगल हवा.

पंपाबाबत एक अडचण येते. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा टायर पंप दाब देतो, पण हवा कमी पुरवतो. इंजिनात थोडी हवा नेहमीच इकडेतिकडे निसटत असल्याने काही वेळा असा पंप कितीही वेळ चालवला तरी काटा वर जात नाही. टाकी असलेला छोटा कॉम्प्रेसर अधिक उपयोगी. मात्र त्याच्या टाकीत १०० पीएसआयहून जास्त दाब असू शकतो. त्यामुळे दाब कमी करणारा रेग्युलेटर लावल्याशिवाय तो जोडू नये.

तपासणी कशी करतात?

पहिली पायरी : इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, इग्निशन बंद आणि चावी बाहेर. बटनाने सुरू होणाऱ्या गाडीची चावी गाडीपासून दूर ठेवावी.

दुसरी पायरी : एअर फिल्टरकडून येणारा पाइप टर्बोच्या तोंडापासून काढावा आणि तिथे झाकण बसवून क्लॅम्प आवळावा. हवा फिल्टरच्या डब्यातून भरू नये. तो डबा दाब सोसण्यासाठी बनवलेला नसतो.

तिसरी पायरी : इंजिनाच्या तेलाच्या भागातून, म्हणजे क्रँककेसमधून वाफ आणणारी ब्रीदर नळी पाहावी. ती आपण दाब देत असलेल्या भागाला जोडलेली असेल तर तेथे बूच बसवावे. नाहीतर दाब क्रँककेसमध्ये शिरतो आणि तेथील तेलाचे सील सरकू शकतात. खबरदारी म्हणून तेल भरण्याचे झाकण सैल ठेवावे.

चौथी पायरी : हवा सावकाश भरावी. आधी तीन ते पाच पीएसआयवर थांबून कान द्यावा. मोठी गळती इथेच ‘फुस्स’ करून सापडते. काही आढळले नाही तर हळूहळू दहापर्यंत जावे. गाडीच्या मूळ बूस्टपेक्षा जास्त दाब कधीही देऊ नये.

पाचवी पायरी : प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी मारावे. क्लॅम्प, होजचा खालचा न दिसणारा भाग, इंटरकूलरच्या दोन्ही बाजूंची प्लास्टिकची टोके, थ्रॉटलचे सील, मॅनिफोल्डचे गॅस्केट, सेन्सर जिथे बसवले आहेत ती भोके आणि डायव्हर्टर व्हॉल्व्ह ही नेहमीची ठिकाणे. पाणी वायरिंगच्या जोडांवर जाऊ देऊ नये. सांध्याभोवती तेलकट धूळ चिकटलेली असेल तर तिथे आधी पाहावे. टर्बोच्या हवेसोबत तेलाचा किंचित अंश येतो आणि गळतीच्या जागी डाग सोडतो.

सहावी पायरी : काहीही सैल करण्याआधी पंप काढून व्हॉल्व्हमधून सगळी हवा सोडावी. गेजचा काटा शून्यावर आल्यावरच झाकणाला हात लावावा. गाडी सुरू करण्याआधी बूच काढल्याची, तेलाचे झाकण आवळल्याची आणि पाइपमध्ये कापड किंवा स्क्रू राहिला नसल्याची खात्री करावी.

धोका किती?

दहा पीएसआय हा आकडा किरकोळ वाटतो, कारण टायरमध्ये तीसहून अधिक असतात. पण दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पडतो. सहा सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंटिमीटर. दहा पीएसआयला त्यावर जवळपास २० किलो वजनाएवढा जोर येतो, तर एक बारला २९ किलो. क्लॅम्प ढिला असेल तर हे झाकण गोळीसारखे सुटते. त्यामुळे हवा भरताना झाकणाच्या समोर चेहरा आणू नये, एका बाजूला उभे राहावे आणि लहान मुलांना दूर ठेवावे.

निकाल कसा वाचायचा?

पंप बंद केला की काटा खाली येतोच. हा सर्वात जास्त गोंधळात टाकणारा भाग आहे. इंजिन ही बंद बाटली नाही. थांबलेल्या स्थितीत एखाद्या सिलिंडरचा हवा घेणारा व्हॉल्व्ह उघडा असतो. तिथून हवा आत जाते आणि पिस्टनच्या रिंगांजवळून सावकाश खाली उतरते. तेल भरण्याच्या तोंडातून हलका आवाज येणे त्यामुळे बिघाड ठरत नाही. मात्र तिथून जोरात हवा येत असेल तर पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासावा लागतो.

हवा सायलेन्सरमधून बाहेर येत असेल तर एखाद्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह त्या क्षणी थोडे उघडे असू शकतात. दाब सोडून, क्रँक नेहमीच्या दिशेने थोडा फिरवून पुन्हा पाहावे. तरीही हवा तिथूनच जात असेल तर ईजीआर व्हॉल्व्ह किंवा इंजिनाचे व्हॉल्व्ह यांची शंका येते. तो घरगुती दुरुस्तीचा विषय नाही.

गोंधळ टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे मार्गाचे तुकडे करणे. थ्रॉटलच्या अलीकडे दुसरे झाकण लावले की फक्त पाइप आणि इंटरकूलर तपासले जातात. या भागाने दाब बऱ्यापैकी धरून ठेवायला हवा. नुसत्या या तुकड्यासाठी छोटा पंपही पुरतो.

गॅरेजमधील ‘स्मोक टेस्ट’ वेगळी असते. तीत अगदी कमी दाबाने धूर सोडतात आणि तो कुठून निघतो ते पाहतात. अडचणीच्या जागेतील भेग ती पटकन दाखवते. पण जास्त दाबालाच उघडणारी फट तीत निसटू शकते. त्यामुळे स्मोक टेस्टमध्ये काही सापडले नाही, याचा अर्थ गळती नाहीच असा होत नाही.

गळती सापडल्यावर काय?

सैल क्लॅम्प आवळावा, पण ताकद लावून नव्हे. जास्त आवळलेला पट्टीचा क्लॅम्प रबर कापतो आणि नवीन गळती तयार करतो. ओ-रिंग दबली असेल तर त्याच मापाची, तेल सोसणारी नवी रिंग घालावी. चिरलेल्या होजवर चिकटपट्टी किंवा सीलंट लावणे हा घरी पोहोचण्यापुरता उपाय. उष्णता, तेल आणि दाब यांपुढे तो टिकत नाही. इंटरकूलरचे प्लास्टिकचे टोक गळत असेल तर बहुतेक वेळा तो बदलावाच लागतो. दुरुस्तीनंतर तीच तपासणी पुन्हा करावी. एक गळती बंद झाली की दुसरी छोटी गळती ऐकू येऊ लागते.

काही गाड्यांत टर्बो इंजिनाच्या मागे, हात न पोहोचणाऱ्या जागी असतो. तिथे घरी प्रयत्न करू नये. गाडी हमीच्या काळात असेल तर पाइप उघडण्याआधी अधिकृत सेवा केंद्रात जावे, अन्यथा पुढे वाद होऊ शकतो. तपासणीत एकही गळती सापडली नाही तरी श्रम वाया जात नाहीत. वेस्टगेट, त्याची नियंत्रण नळी, सेन्सर किंवा खुद्द टर्बो यांपैकी दोष कुठे आहे, हे शोधण्याची दिशा तेव्हाच पक्की होते.

या तपासणीने प्रत्येक बिघाड सुटत नाही. पण गाडी गॅरेजमध्ये नेताना मालकाच्या हातात पुरावा असतो. ‘ताकद कमी वाटते’ असे सांगण्याऐवजी ‘आठ पीएसआयला इंटरकूलरच्या डाव्या टोकाला फेस येतो’ असे सांगता आले, की दुरुस्ती नेमक्या जागी सुरू होते आणि चांगला टर्बो विनाकारण भंगारात जात नाही.